बोट धरणाऱ्यांचा हिशेब

(शिरपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



'मार्गदर्शन' या शब्दाला शासनदरबारी अलीकडे फार वजन आले आहे. शेतकऱ्याला भाव द्यायचा नसला की मार्गदर्शन मिळते, बेकाराला काम द्यायचे नसले की मार्गदर्शन मिळते आणि लहान कारखानदाराला ऑर्डर द्यायची नसली की त्याच्यासाठी मार्गदर्शन मेळावा भरतो. मेळाव्यात दीपप्रज्वलन होते, पडद्यावर चित्रे दाखवली जातात, जेवण होते. संध्याकाळी हजेरीचा कागद वर रवाना होतो आणि त्यावर जितक्या सह्या असतील तितके 'लाभार्थी' वार्षिक अहवालात चढतात. पुढे त्या सह्या करणाऱ्यांचे काय झाले, हे विचारण्याची पद्धत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय याच न विचारलेल्या प्रश्नाचा आहे. संरक्षण खात्याला माल पुरवणारे किंवा पुरवू पाहणारे जे लहान कारखानदार आहेत, त्यांचे बोट धरण्यासाठी शासनाने ज्या योजना काढल्या, त्यांचे मोल कोणत्या मापाने मोजावे?

शस्त्रांच्या धंद्याशी समाजवादी कार्यकर्त्याचा काय संबंध, अशी शंका एखाद्या साथीच्या मनात येईल. ती अगदीच अनाठायी नाही. युद्धसामग्रीच्या वाढत्या खर्चाबद्दल या चळवळीने नेहमीच सावध भूमिका घेतली आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु हा खर्च जोवर होतो आहे, तोवर तो कोणाच्या खिशात जातो आणि कोणाच्या घामातून निघतो, हे पाहणे चळवळीचे काम ठरते. शिवाय खानदेशापुरता हा विषय परका मुळीच नाही. भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना १९४९ सालचा. दारूगोळ्याच्या पेट्या, पिंपे आणि पत्र्याचा अन्य माल ही त्याची जुनी ओळख. वरणगावचा कारखाना १९६४ सालचा, म्हणजे चीनच्या आक्रमणानंतर देशाने जी धावपळ केली त्या काळातला. तेथे बंदुकीची काडतुसे तयार होतात. शिरपूरपासून वरणगाव सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तापी तीच, कापूस तोच, बोलीही थोड्याफार फरकाने तीच.

आता या बाजूचे चित्र पाहा. शिरपूर तालुका म्हणजे आग्रा रोडवरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख. सूत, कापड, शिक्षणसंस्था, जलसंधारणाची कामे यांमुळे त्याचे नाव बाहेर ऐकू येते. पण त्याच रस्त्यालगत लेथ चालवणारा, ट्रॉली जोडणारा, पंपाचे शाफ्ट नव्याने वळवून देणारा जो माणूस आहे, त्याचे नाव कुठे निघत नाही. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा सेट, तीन-चार कामगार आणि शिकाऊ म्हणून राबणारा भाचा किंवा पुतण्या, हा त्याचा कारखाना. हंगामात त्याला उसंत नसते आणि हंगाम संपला की लेथवर धूळ बसते. अशा माणसाला वर्षभर चालेल असे काम मिळाले तर त्याची आणि त्याच्या कामगारांची दशा पालटू शकते. भुसावळ, वरणगाव, ओझर येथील सरकारी कारखान्यांना लागणारे हजारो लहान सुटे भाग हे असे काम आहे. मग ते त्याच्यापर्यंत का पोचत नाही?

या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे आणि त्याचा उगम समाजवादी चळवळीच्या घरातला आहे, म्हणून त्याची आठवण ठेवली पाहिजे. २३ डिसेंबर १९७७ रोजी जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी संसदेत औद्योगिक धोरण मांडले. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून पाचशेच्या वर नेण्यात आली. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक एक लाखापर्यंत असलेल्या आणि १९७१च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांत उभ्या राहणाऱ्या अतिलघु उद्योगांचा निराळा विचार प्रथमच झाला. शिरपूर त्या व्याख्येत बसणारे गाव होते. लहान उद्योजकाला दहा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र असावे, ही कल्पनाही त्याच निवेदनातली. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली आणि धुळ्यातही झाले. पुढे त्यांचे काय झाले हे धुळ्याला खेपा घालणाऱ्यांना ठाऊक आहे. अर्ज घेणारी आणि अनुदानाच्या फायली पुढे ढकलणारी ती आणखी एक खिडकी झाली. राखीव यादी तर कापत कापत २०१५ साली पार संपली. इतके असूनही त्या धोरणातील एक सूत्र मोलाचे होते. लहान कारखानदाराला उपदेशाची टंचाई नाही, बाजाराची आहे, हे ते धोरण जाणत होते.

(याच फर्नांडिसांकडे १९९८ ते २००४ या काळात, मधले काही महिने सोडता, संरक्षण खाते होते, आणि ते ज्या वाजपेयी सरकारात होते त्यानेच मे २००१ मध्ये शस्त्रनिर्मिती खाजगी भांडवलाला पूर्णपणे व परकीय भांडवलाला २६ टक्क्यांपर्यंत मोकळी केली. त्या निर्णयाच्या वेळी ते स्वतः मंत्रिपदावर नव्हते हे खरे. पण धोरण बदलले ते बदललेच.)

त्यानंतरच्या योजनांची गणना केली तर कोणी म्हणेल की शासनाने काही बाकी ठेवलेले नाही. २००५ पासून परकीय कंपन्यांवर 'ऑफसेट'ची अट आली. आरंभी तीनशे कोटींहून मोठ्या खरेदीत त्यांनी किमतीच्या किमान ३० टक्के इतके काम, गुंतवणूक वा तंत्रज्ञान भारतीय उद्योगांकडे वळवायचे होते. २०१२ साली सार्वजनिक खरेदीचा आदेश निघाला. केंद्र सरकारची खाती व उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २० टक्के, आणि १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के, माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असा तो आदेश आहे. २०१६ साली 'झेड' नावाची दर्जाप्रमाणपत्राची योजना आली. आता तिच्यात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी आहेत. एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण खात्याने 'आयडेक्स' सुरू केली. नवे संशोधन करणाऱ्या उद्योगांना आरंभी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान आणि सोबतीला मार्गदर्शन करणाऱ्या संस्था, असे तिचे स्वरूप. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी तिला ४९८.७८ कोटी रुपये मंजूर झाले आणि सुमारे तीनशे उद्योगांना हात देण्याचे ठरले.

यांपैकी 'आयडेक्स'विषयी सरसकट वाईट बोलणे अन्यायाचे होईल. तरुण अभियंत्याच्या डोक्यातील कल्पनेला सैन्यदलाच्या गरजेशी जोडणारी वाट पूर्वी नव्हती, ती या योजनेने पाडली. परंतु अनुदानाइतकीच रक्कम ज्याला स्वतःची घालावी लागते, तो शिरपूरचा लेथवाला नव्हे. त्याला नवा शोध लावायचा नाही. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे, दिलेल्या मापात, शंभरातील शंभर नग बिनचूक काढायला त्याला शिकायचे आहे. देशातील कोणताही मोठा कारखाना अशाच बिनचूक नगांवर उभा असतो, याचा विसर नवकल्पनांच्या गजरात पडतो.

'ऑफसेट'चा अनुभव तर उद्बोधक आहे. परकीय कंपनी गुरू आणि भारतीय उद्योग शिष्य, असे ते नाते कल्पिले होते. महालेखापरीक्षकांनी २०२० साली संसदेसमोर ठेवलेल्या अहवालात या गुरुकुलाचा हिशेब आहे. २००७ ते २०१८ या काळातील ४६ करारांत ६६,४२७ कोटी रुपयांची ऑफसेट बंधने होती. त्यांपैकी डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि तपासून मान्य झाले त्याच्या निम्म्याहूनही कमी, ५,४५७ कोटी. उच्च तंत्रज्ञान देण्याची वचने कागदावरच राहिली. परदेशी गुरूने दक्षिणा आधी घेतली आणि विद्येची तारीख पुढे ढकलली.

येथे अमेरिकेचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल, कारण मार्गदर्शन योजनांचे मूळ पीठ तेच आहे. तेथील संरक्षण खात्याने १९९१च्या आर्थिक वर्षाच्या कायद्यान्वये मोठ्या पुरवठादार कंपन्यांना लहान कंपन्यांचे 'गुरू' नेमण्याची योजना सुरू केली. गुरूला होणारा खर्च सरकार भरून देते, किंवा लहान उद्योगांना काम देण्याचे जे बंधन त्याच्यावर असते त्यात तेवढी जमा धरते. तीस वर्षे ही योजना मुदतवाढीवर चालली आणि २०२२ अखेरच्या कायद्याने कायम झाली. २०११ साली अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १३ खात्यांतील अशा योजना तपासल्या. तेव्हा आढळले की करार कसा करावा, कागद कोणते लागतात, गुरू पात्र आहे की नाही, यांचे नियम चोख आहेत. पण करार संपल्यावर शिष्याचे काय झाले याची नोंद बहुतेक खाती ठेवीत नाहीत. संरक्षण खात्याची योजना तेवढी अपवादांत मोडत होती, कारण करार संपल्यानंतरही दोन वर्षे शिष्य कंपनीने कामगारसंख्या, उलाढाल आणि मिळालेली कामे यांची माहिती द्यावी असे बंधन कायद्यातच घातलेले होते. अमेरिकेचे युद्धखोर अर्थकारण कोणाला आदर्श वाटण्याचे कारण नाही. पण मार्गदर्शनाचे माप शिष्याच्या पुढच्या वाटचालीत शोधावे, ही गोष्ट त्यांच्या कायद्याला तरी सुचली. दिल्लीत, मुंबईत आणि धुळ्यात ती अजून कोणाला सुचलेली दिसत नाही.

आता ते माप कसे असावे, याचा विचार वर्कशॉपच्या जमिनीवरून करावा लागेल.

सुटा भाग तपासण्यासाठी कारखान्यात 'गो-नोगो' गेज असते. भोकाच्या मापाचे असेल तर त्याचे एक टोक भोकात सहज गेले पाहिजे, दुसरे मुळीच जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठे, दोन्ही अडली तर लहान; नग बाद. येथे मेहरबानी नाही, शिफारस नाही, हजेरीपटावरील सही नाही. दारूगोळ्याच्या पेटीचे झाकण केसभर सैल बसले तर पावसाळ्यात ओल आत शिरते आणि सीमेवरच्या जवानाच्या हातात भिजलेला माल पडतो. म्हणून तपासणी कडक असावी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा, की हे गेज लहान कारखानदाराच्या टेबलावर कसे येणार? ते स्वस्त नसते, ते ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे लागते, आणि ज्या मालासाठी ते घ्यायचे त्याची ऑर्डर पुढच्या वर्षी राहील की नाही हे त्याला कोणी सांगत नाही. मेळाव्यातील वक्ता त्याला 'दर्जाची संस्कृती' अंगी बाणवण्यास सांगतो. त्याला दर्जाची संस्कृती ठाऊक आहे, त्याच्याकडे गेज नाही.

त्यानंतर नमुना. लहान कारखानदाराने आधी नोंदणी करावी, मग नमुन्याचे नग काढावेत, ते तपासणीला द्यावेत आणि पास झाल्यावर मोठ्या उत्पादनाची परवानगी मिळेपर्यंत थांबावे. या काळात पोलाद त्याने विकत आणलेले असते, डाय बनवलेली असते आणि कर्जाचे व्याज दररोज चढत असते. मोठ्या कंपनीला हे थांबणे परवडते. तीन कामगारांच्या मालकाला परवडत नाही. नमुना दिल्यापासून निकाल कळेपर्यंत किती दिवस गेले, हा मार्गदर्शनाच्या मूल्यमापनातील पहिला आकडा असायला हवा. एकाही मेळाव्याच्या अहवालात तो सापडत नाही.

आणि मग पैसा. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. नाही झाले तर बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी दाद मागण्याची परिषद आहे, २०१७ पासून संगणकावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. कायदा इतका सुरेख आहे की तो वाचून एखाद्याला वाटावे, लहान कारखानदार सावकार झाला! पण ज्या एकाच गिऱ्हाइकावर पोट अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करील? तक्रार करणाऱ्याला व्याज कदाचित मिळेल, पण पुढची ऑर्डर हमखास मिळणार नाही. खानदेशातील कापूस उत्पादक आडत्याविरुद्ध का बोलत नसे, हे ज्याला समजते त्याला हेही समजेल.

राखीव २५ टक्क्यांची गोष्ट यापुढची. आदेश नीट वाचला तर त्यात दोन गोष्टी सापडतात. एक अशी, की शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे यांसारखी संरक्षणसामग्री या आरक्षणाच्या बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे संरक्षण खात्याने लहान उद्योगांकडून इतके टक्के खरेदी केली, असे जेव्हा अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा भागाकारातला छेद आधीच लहान करून घेतलेला असतो. आणि दुसरी, जी श्रमिकांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. लहान उद्योगाची निविदा सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर त्याला त्या खरेदीचा वाटा देता येतो, परंतु केव्हा? त्याने आपला दर खाली आणून त्या सर्वांत कमी दराशी जुळवला तरच. लहान कारखानदाराचे पोलाद मोठ्यापेक्षा महाग, त्याचे कर्ज महाग, त्याची वाहतूक महाग. मग हे १५ टक्के तो कोठून कापणार? मजुरीतून. कामाचे तास वाढवून, भविष्यनिर्वाह निधीची नोंद टाळून, यंत्रावरचे संरक्षक झाकण काढून उत्पादन वाढवून. आरक्षण लहान मालकाच्या नावाने दिले जाते आणि त्याची किंमत त्याच्या कामगाराकडून वसूल होते.

'लहान' कोण, हाही घोळ मुद्दाम समजून घेतला पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'लघु' ठरतो. १९७७ साली ज्याच्यासाठी एक लाखाची निराळी पायरी बांधली होती, तो आणि हा शंभर कोटीवाला आज एकाच २५ टक्क्यांच्या रांगेत उभे आहेत. रुपयाची किंमत घसरली हे मान्य करूनही या शेजाराचे समर्थन होत नाही. रांग एक केली की पुढे कोण पोचणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

त्याच आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद आहे. आदेशानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत ती निम्मीही गाठली गेली नाही. शिरपूर हा विधानसभेचा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. पावरा आणि भिल्ल समाजाची तरुण मुले आयटीआयमधून टर्नर, फिटर होऊन बाहेर पडतात आणि पुणे, नाशिक, सुरतेकडे निघून जातात. त्यांच्यापैकी चौघांनी मिळून येथे लेथ टाकावा आणि वरणगावचे काम मिळवावे, यासाठी कोणी बोट धरले आहे? मतदारसंघ राखीव आहे. वर्कशॉप राखीव नाही.

येथे गुरूच्या हेतूचा प्रश्न येतो. आजच्या बहुतेक कल्पनांत मोठी खाजगी कंपनी लहानाची मार्गदर्शक असते. तीच त्याची गिऱ्हाईक, तीच त्याचा दर ठरवणारी, आणि उद्या तो मोठा होऊ लागला तर तीच त्याची प्रतिस्पर्धी. अशा गुरूला शिष्य किती मोठा झालेला हवा असतो? आपल्या गरजेपुरता. शिष्याने ड्रॉइंगप्रमाणे माल द्यावा, पण ड्रॉइंग त्याचे नसावे. डाय त्याने सांभाळावी, पण ती कंपनीच्या मालकीची असावी. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे त्याने पाहू नये. याला मार्गदर्शन म्हणण्यापेक्षा 'बटाई' म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याउलट आयुधनिर्माणी कारखाने हे, त्यांच्या सर्व दोषांसह, निराळ्या जातीचे गुरू ठरू शकत होते. त्यांच्याजवळ मापनाच्या खोल्या होत्या, टूलरूम होत्या, शिकाऊ कामगार घडवण्याची परंपरा होती, आणि शेजारच्या लेथवाल्याला दाबून नफा काढण्याचे कारण नव्हते. दोष होतेच. सुस्ती होती, पुरवठादारांच्या यादीत वर्षानुवर्षे तीच नावे राहत, आणि दारातला शिपाई नव्या माणसाला आत सोडीत नसे. हे दोष दूर करून सार्वजनिक कारखान्यांना भोवतालच्या तालुक्यांचे शिक्षक बनवता आले असते. झाले ते वेगळेच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ कारखान्यांचे सात कंपन्यांत रूपांतर करण्यात आले. वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. एका नदीकाठचे, एका तालुक्यातले दोन कारखाने दोन कंपन्यांत वाटले गेले. कामगार संघटनांनी संपाचा पवित्रा घेताच त्यावर्षी जूनअखेर वटहुकूम आणि पाठोपाठ कायदा करून संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी घालण्यात आली; कायद्याची मुदत एका वर्षाची होती, तेवढ्यात काम उरकले. आता या कंपन्यांना नफा-तोट्याचा ताळेबंद दाखवायचा आहे. ज्या गुरूला स्वतःच्याच ऑर्डरची चिंता आहे तो शिष्यासाठी टूलरूम उघडी ठेवील काय? ठेवावी, असा आग्रह धरण्याची जागा अजून शिल्लक आहे, कारण या कंपन्यांचे भागभांडवल संपूर्णपणे जनतेचे आहे.

एक बाब मात्र अशी आहे, की तिच्यापुढे ऑर्डर आणि बिले यांची चर्चा थिटी पडते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी याच तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि किमान १३ माणसे मेली. तो कारखाना संरक्षण खात्याचा पुरवठादार होता असे येथे सुचवायचे नाही. पण धोक्याचा माल आडगावात तयार होतो तेव्हा तपासणी कशी असते, हे शिरपूरने त्या दिवशी पाहिले. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावला स्फोटकांच्या खाजगी कारखान्यात नऊ कामगार ठार झाले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. सरकारी काय आणि खाजगी काय, मरणारा कामगार होता. दारूगोळ्याचे काम जसजसे खाजगी आणि लहान हातांत जाईल तसतसा हा धोका जिल्ह्याजिल्ह्यांत पसरेल. मार्गदर्शनाच्या एकाही योजनेत शिष्याच्या कारखान्यातील अपघात हा गुरूच्या प्रगतिपुस्तकात लिहिला जात नाही. लिहिला गेला पाहिजे, आणि पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे, यासंबंधी थोडे. मेळावे उधळून लावण्यात अर्थ नाही. त्यांत जाऊन बसावे आणि मागच्या मेळाव्याचा हिशेब मागावा. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी सह्या केल्या त्यांपैकी किती जणांना एक तरी ऑर्डर मिळाली, हे जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगावे. सांगता येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार ठेवावा. शस्त्रांविषयी माहिती मागितली की राष्ट्रीय सुरक्षेची ढाल पुढे येते, म्हणून अर्जात शस्त्राचे नावही घेऊ नये. यंत्र इंडिया आणि म्युनिशन्स इंडिया या दोन्ही कंपन्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील किती सूक्ष्म उद्योग भुसावळ व वरणगावच्या पुरवठादार यादीत आहेत. गेल्या तीन वर्षांत त्यांतले किती गळाले. नमुन्याचा निकाल लागायला सरासरी किती दिवस लागले. ४५ दिवसांनंतर चुकती झालेली बिले किती आणि त्यांवर कायद्याप्रमाणे व्याज दिले काय. यादीतील अनुसूचित जमातीचे उद्योजक किती. यांपैकी एकाही उत्तराने शत्रूला भारताचे कोणतेही गुपित कळणार नाही.

अर्ज मराठीतच करावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले तर पहिले अपील त्याच कंपनीतील वरिष्ठाकडे आणि दुसरे केंद्रीय माहिती आयोगाकडे. आलेले उत्तर या पानाकडे पाठवण्याआधी शिरपूरच्या आग्रा रोडवरील वर्कशॉपांत नेऊन वाचून दाखवावे. त्यातले कोणते आकडे खरे आणि कोणते नुसतेच लिहिलेले, हे तेथला माणूस लेथ न थांबवता सांगेल.